क्रॉस कनेक्शन

दिवाळी अंक हाती पडायला लागले की आमच्या मित्रमंडळात दरवर्षी एक वाद पेटतो: रहस्यकथा हे साहित्य की नुसती करमणूक? यंदा तो माझ्यावरच आला. मी शिकागोत राहून, जुनी अमेरिकन रेडिओनाट्यं ऐकून सुचलेल्या कथा मराठीत लिहितो. पुण्याच्या मित्राने कळवलं, "तिकडे आहेस तर तिथल्या एकटेपणावर लिही की. हे खून आणि भुतंखेतं कशाला?"

त्याचं बोलणं मनाला लागलं. कारण मी एकटेपणावरच लिहितोय.

ल्युसिल फ्लेचरचं 'सॉरी, राँग नंबर' हे रेडिओनाट्य घ्या. सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या 'सस्पेन्स' मालिकेत ते १९४३ मध्ये पहिल्यांदा झालं, जेमतेम अर्ध्या तासाचं. अंथरुणाला खिळलेली बाई नवऱ्याला फोन लावते, क्रॉस कनेक्शन लागतं आणि दोघेजण एका बाईच्या खुनाचा बेत करताना ऐकू येतात. वेळ सव्वाअकराची, कारण तेव्हा पुलावरून गाडी जाते आणि किंकाळी त्यात बुडते. मग ती ऑपरेटरला, पोलिसांना, सुचेल त्याला फोन करत सुटते. बोलतात सगळे, धावून कोणी येत नाही. इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात, तापाने फणफणलेला असताना दवाखान्याच्या फोनवर मी तासभर ताटकळलो होतो. ते नाटक ऐकलं आणि ती रात्र जशीच्या तशी समोर आली.

याच शिकागोत १९३४ मध्ये रेडिओवर 'लाइट्स आउट' ही भयकथांची मालिका सुरू झाली, तीही मध्यरात्री. विजेच्या खुर्चीत माणूस मरतानाचा आवाज ते लोक तव्यावर बेकन परतून काढत. चरचर तेवढी त्यांची, बाकीचं ऐकणाऱ्याच्या मनातलं. माझ्या एका कथेत जिन्याचं पाऊण पान वर्णन होतं. ते सगळं काढलं आणि एवढंच ठेवलं: 'लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही.'

नुसता धक्का द्यायला लिहिलेली कथा पुन्हा वाचवत नाही, हे मित्राचं म्हणणं मला मान्य आहे. इकडेही ही कला टिकली असं नाही. टीव्हीने श्रोते आणि जाहिरातदार दोन्ही ओढून नेले, ३० सप्टेंबर १९६२ ला 'सस्पेन्स' कायमचं थांबलं. पण फ्लेचरची ती बाई, शेवट पाठ असूनही, मी चारदा ऐकली आहे. आणि लहानपणी आकाशवाणीवरच्या श्रुतिका आम्ही दोघांनी श्वास रोखून ऐकल्या, तेव्हा हे साहित्य आहे का, असं आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं.

लिफ्टची कथा त्याला पाठवली आहे. स्वतः वाचू नकोस, रात्री दिवा मालवून वहिनींकडून मोठ्याने वाचून घे, असंही कळवलंय.