आधी उतारा द्या, मग फाशी मागा

सकाळी बेळगावच्या गणपत गल्लीत मोबाईल चोरताना एक पोरगं सापडलं. अठरा-एकोणीसचं असेल. लोकांनी धरलं, हाणलं, पोलीस घेऊन गेले. दुपारपर्यंत व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, आणि खाली एकेकाचा निकाल. "डायरेक्ट हिंडलग्याच्या जेलात टाका." "पाच वर्षं बाहेर सोडू नका." "आत फुकटच्या चपात्या खातात साले." एकानं फाशीच मागितली. मोबाईलसाठी! हिंडलग्यात 1983 नंतर खुन्यालासुद्धा फाशी झालेली नाही ओ.

आणि पाच वर्षं कुठली? पहिल्यांदा केलेल्या साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं, तीही गुन्हा शाबीत झाल्यावर. 2022 च्या सरकारी आकड्यांत देशातल्या जेलांमध्ये 100 मागे 75 हून जास्त जण कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. त्याच आकड्यांत जागा 4 लाख 36 हजारांची आणि माणसं 5 लाख 73 हजार. त्यात अजून कोंबा म्हणता, कुठं कोंबायची?

हे मी कुठं वाचून सांगत नाही. म्हणजे आकडे वाचलेत, पण गोष्ट घरासमोरची आहे.

वडगावात आमच्यासमोर एक वैनी भाड्यानं राहायच्या. नवरा नाही, पोरगं उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला. पितळेचे तुकडे चोरले म्हणून त्याला आत टाकलं. चोरले होते की नव्हते, मला आजही माहीत नाही. जामीन लगेच मंजूर झाला. पण जामीनदार पाहिजे, आणि जामीनदाराकडं जमिनीचा उतारा पाहिजे. वैनी कोर्टाचा कागद घेऊन माझ्या दारात आल्या. कागद कन्नडमध्ये, त्यांची शाळा मराठी चौथी. मीच वाचून दाखवला. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा खानापूरकडचा उतारा आहे न्हवं?"

मी म्हटलं, सामायिकातला आहे वैनी, भावाची सही लागेल.

भाऊ एका फोनवर आला असता. मी फोन केला नाही.

पोरगं सात महिने आत राहिलं. जामीन मिळालेला असताना! 32 गुंठ्यांच्या एका कागदासाठी.

आता कायदा थोडा बदललाय. 1 जुलै 2024 पासून, पहिलाच गुन्हा असेल आणि शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आतच गेले असतील तर सोडायचं, असं कलम आहे. साध्या चोरीच्या हिशेबानं वर्षभर. चांगलं आहे. पण वर्ष म्हणजे किती, ते त्या वैनींना विचारा. जेलातल्या दर मुलाखतीला एक दिवसाची मजुरी बुडवून जायच्या.

ज्याचा मोबाईल गेला त्यालाही विचारा, म्हणाल. बरं, विचारा. माझीही सायकल गेली होती, चार दिवस मीही शिव्या घातल्या. आणि काहींना आतच ठेवायला पाहिजे, हेही मान्य. पण सगळ्यांना एकाच काठीनं हाणायचं?

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ग्रुपवर फाशी मागणाऱ्यांपैकी तिघांच्या घरातली माणसं 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आत जाऊन आलेली. 1 जूनला त्याच आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकावर फुलं वाहायला हेच पुढं. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीनंतर मराठी माणसांवर केसेस पडतात, वर्षानुवर्षं तारखा पडतात, तेव्हा आपण काय म्हणतो? खोटी केस. आपल्या माणसाला धरलं की खोटी केस, दुसऱ्याच्या पोराला धरलं की चोर. हे कुठलं माप?

लिहिता लिहिता जास्तच चढला आवाज. ग्रुपवरचे सगळे वाईट नाहीत. त्यातल्याच एकानं परवा माझ्या आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं. अॅडमिन तर माझा साडू आहे, तो हे वाचून फोन करणारच, "काय करूलालास बाबा, पोस्ट काढ."

काढत नाही. कारण चपात्यांचं लिहिणाऱ्यानं निदान उघड लिहिलं. मी तर त्या दिवशी गोड बोलून, चहा पाजून, एका आईला परत पाठवली.

वैनी आता शहापूरला राहतात. संक्रांतीला अजून तिळगूळ घेऊन येतात, उताऱ्याचा विषय कधीच काढत नाहीत. पोरगा त्यांना सोडायला येतो. आत ये म्हटलं तर येत नाही. गाडी चालूच ठेवतो, गेटाबाहेर.