मोटरहोम आणा, फक्त थांबवू नका

ब्रिटनचा किनारा, समुद्र समोर दिसतोय, पार्किंग अर्धं रिकामं आहे आणि तोंडाशीच लोखंडी आडवा बार: कमाल उंची २.१ मीटर. साध्या फियाट डुकाटो व्हॅनचं केलेलं मोटरहोमसुद्धा (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) अडीच मीटरच्या वर जातं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं सात मीटरचं धूड तर तीन मीटरला टेकतं. म्हणजे बार कोणासाठी लावलाय ते उघड आहे. आणि हा बार लावणारी काउन्सिल (स्थानिक पालिका) पर्यटकांना ‘आमच्या किनाऱ्याला या, चार दिवस राहा’ म्हणून आवतण देत असते. राहा म्हणजे कुठे राहा? हवेत?

बार नसला तरी लगेच हुरळून जाऊ नका. इथला पार्किंगचा चौकोन साधारण २.४ बाय ४.८ मीटरचा असतो. मोटरहोमसाठी सर्रास वापरतात त्यातली आखूड डुकाटोही ५.४ मीटर लांब. बूड रेषेबाहेर जाणारच. आणि फलकावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की गाडी पूर्णपणे एका चौकोनात मावली पाहिजे. काही ठिकाणी दोन चौकोनांची दोन तिकिटं काढली की चालतं, काही ठिकाणी त्यावरच दंड. म्हणून फलक अथपासून इतिपर्यंत वाचायचा, तिकिटासकट फोटो काढायचा, मग उतरायचं. मोटरवेच्या सर्व्हिसेसमध्येही (महामार्गावरचे विश्रांतीचे थांबे) बहुतेक ठिकाणी दोनच तास फुकट. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, नोटीस घरी येते. गाडी भाड्याची असेल तर कंपनी वर आपला ‘प्रशासकीय खर्च’ लावते तो वेगळाच.

“अहो, स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येतं,” हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान. नाही येत. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने दिलेला मुक्त वावराचा हक्क पायी, सायकलवर, तंबू घेऊन फिरणाऱ्यांना आहे. इंजिनाच्या गाडीला त्यात जागा नाही. लॉख लोमंड सरोवराच्या काठाच्या ठरावीक पट्ट्यांत तर १ मार्च ते ३० सप्टेंबर तंबूलाही परवाना लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाला विचारायचं, संपलं. पबमध्ये रात्रीचं जेवण घेतलं तर मागच्या आवारात झोपू देणारे भले लोक आहेत, पण आधी फोन करून. न विचारता घुसून मग ‘आम्ही जेवणारच होतो’ म्हणायचं नाही.

मग उरल्या कॅम्पसाइट. शाळांच्या सुट्ट्यांत त्या महिनोन् महिने आधी भरलेल्या. दुपारी बारा-एकच्या आधी आत घेत नाहीत, सकाळी अकरा-बाराला बाहेर काढतात. शेतावरच्या पाच गाड्यांच्या छोट्या जागा स्वस्त आणि शांत, पण त्या कॅरॅव्हॅन-कॅम्पिंग क्लबांच्या सभासदांनाच. विजेच्या खांबावर बहुतेकदा १० किंवा १६ अँपिअर मिळतात. १० अँपिअर म्हणजे जेमतेम २३०० वॅट. घरची तीन किलोवॅटची किटली लावली की खटका पडला. मोठा हीटर आणि एक किलोवॅटची छोटी किटली एकत्र लावली तरी तेच. खांबाच्या पेटीला कुलूप असेल आणि ऑफिस बंद झालं असेल, तर रात्र बॅटरीवर काढा.

पण खरा संताप आहे तो संडासाचा. हो, त्याबद्दल बोलायलाच हवं, कारण जाहिरातीत कोणी बोलत नाही. संडासाखाली मैला साठवणारी, बाहेर काढता येणारी जी टाकी म्हणजे कॅसेट असते ती १८ लिटरच्या आसपासची. चार माणसांत दीड-दोन दिवसांत भरते. लाल दिवा लागतो तेव्हा अगदी थोडी जागा उरलेली असते, ‘अजून एक दिवस चालेल’ नाही. ती रिकामी करायला एल्सन पॉइंट, म्हणजे कॅसेट ओतायची खास जागा लागते, आणि ती जवळपास फक्त कॅम्पसाइटच्या आत. फ्रान्समध्ये लहानशा गावातसुद्धा नळ, जाळी आणि कॅसेटचं भोक असलेला थांबा सापडतो. इथे मैलोन् मैल काही नाही. काउन्सिलने एक नळ, एक चेंबर आणि एक पैसे टाकायचं यंत्र बसवलं तर रात्रीचे दहा-पंधरा पौंड कोण देणार नाही? त्याऐवजी बार बसवायला बजेट असतं.

आणि सोय नाही म्हणून कॅसेट रस्त्याकडेच्या गटारात ओतणाऱ्यांना तर काय म्हणावं! ते गटार पावसाच्या पाण्याचं असतं, थेट ओढ्यात जातं. फार्महाउसच्या सेप्टिक टँकमध्येही विचारल्याशिवाय नाही, निळं रसायन तिथले जिवाणू मारतं. नीट ओतायची रीत दोन मिनिटांची आहे: आतली झडप बंद आहे ना ते पाहा, कॅसेट बाहेर काढा, नळी बाहेरच्या बाजूला फिरवा, झाकण काढा, आणि ओतताना अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही की गटक-गटक करत बुटांवर उडतं. मग दोनदा विसळा, थोडं पाणी आणि रसायन घालून परत बसवा. झडपेच्या रबराला कागद चिकटून राहिला तर गळती सुरू होते, तेव्हा तेही पुसा.

आपल्या लोकांसाठी खास: सिंकचं पाणी वेगळ्या टाकीत जातं. त्यात फोडणीचं तेल, भाताची शितं, वरणाचा गाळ सोडलात तर जूनच्या उन्हात तिसऱ्या दिवशी तो वास थेट पलंगापर्यंत येतो. ताटं आधी कागदाने पुसा, भोकावर जाळी ठेवा. मिरचीची फोडणी छताची खिडकी उघडूनच. धुराचा अलार्म हातभर अंतरावर असतो आणि शेजारची गाडी सहा मीटरवर.

आता स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एकेरी रस्त्यांवरचे महाभाग. पासिंग प्लेस म्हणजे समोरच्याला वाट द्यायची जागा. तिथे खुर्च्या मांडून चहा उकळायचा नसतो. जागा डावीकडे असेल तर तीत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा. चढ चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. मागे स्थानिकांची रांग लागली असेल तर थांबून त्यांनाही सोडा. त्यात डॉक्टर असतो, शाळेची बस असते. अॅपलक्रॉसच्या बेलाख ना बा घाटाच्या पायथ्याशी मोठ्या गाड्या आणि कॅरॅव्हॅन आणू नका असा भलामोठा फलक आहे. तरी सात मीटरचं भाड्याचं मोटरहोम वळणात अडकतंच, आणि आत बसलेले फोटो काढत असतात. रिव्हर्स येत नसेल तर सरळ इन्व्हरनेसहून काइल ऑफ लॉखॅल्शची रेल्वे पकडा. खिडकीतून डोंगर-पाणी सगळं दिसतं, आणि संडास दुसरा कोणीतरी रिकामा करतो.