रविवारच्या मिस्सेत नाव कसं काढावं

गावात नाव काढायचं तर निवडणूक लढवावी नाहीतर बंगला बांधावा, असा आपल्या वसईत समज आहे. दोन्ही खर्चिक. त्यापेक्षा रविवारी सकाळी चर्चमध्ये सातच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनाविधीला जा. सगळा गाव एकाच दिशेला तोंड करून बसलेला असतो आणि बघायला दुसरं काही नसतं.

वेळेवर मात्र जाऊ नका. शुभवर्तमानाला, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या वाचनाला, सगळे उभे असतात, तेव्हा शिरलात तर कुणाला कळणारही नाही, म्हणून तीही वेळ टाळा. सगळे बसले, फादरांनी प्रवचनाचं पहिलं वाक्य उच्चारलं की या. मागचे बाक भरलेले असतात (त्यासाठीच तर माणसं लवकर येतात), त्यामुळे तुम्हाला थेट आल्तारापर्यंत (पुढच्या वेदीपर्यंत) चालत जावं लागेल. चपला करकरणाऱ्या हव्यात.

फोन सायलेंट करू नका. फादर 'अंतःकरणं वर करा' म्हणतात, 'मोबाइल वर करा' नव्हे, असं पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली सुनावलं होतं. पण ते फोटो काढणाऱ्यांना. वाजणारा फोन तुम्ही कुठे वर करताय? तो पिशवीत तळाशी, चाव्या आणि भाजीच्या यादीखाली असू द्या. फादर भाकर वर उचलतात, घंटी थांबते, सगळं चर्च श्वास रोखून असतं, तेव्हा हळदीतलं गाणं वाजलं पाहिजे.

पण खरी कीर्ती मिस्सेत उभं राहून बायबल वाचण्यात आहे. साधासुधा रविवार घेऊ नका, पेन्टेकॉस्टचा (पवित्र आत्मा उतरला त्या सणाचा) मागून घ्या. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय दुसरा, देशोदेशीच्या लोकांच्या नावांची रांग. पार्थी, मेदी, एलामीपर्यंत गाडी रुळावर असते. मग कप्पदुकिया येतं, घसा कोरडा पडतो, आणि पुढे उभे असतात फ्रुगिया व पंफुल्या. मी फ्रुगियाच्या जागी स्वच्छ, खणखणीत 'फुगडी' म्हणालो. त्या वाचनात प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येतं असा चमत्कार आहे. आमच्याकडे तो तंतोतंत घडला. पहिल्या बाकावरच्या लाल लुगड्यातल्या आजींनी तर मान डोलावली. याला आठ वर्षं झाली. बाजारात कोळीण अजून विचारते, "फुगडीवाले ना तुम्ही?"

प्रवचनात झोप लागली तर मन खाऊ देऊ नका. प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, त्यापुढे लोक झोपतात आणि त्यांचं बरोबरच असतं, असं खुद्द पोप फ्रान्सिस २०२४ मध्ये म्हणाले. फक्त बायकोच्या कोपरानं जाग आली की ताडकन उभे राहा. कधी उठायचं हे चर्चमध्ये कुणालाच नक्की ठाऊक नसतं, सगळे पुढच्याकडे बघून उठतात. मागचे तीन बाक तरी तुमच्यासोबत उठतील. फादर थांबतात. मग चौघंपाचजण 'आमेन' म्हणून बसतात.

एकमेकांना शांती देण्याच्या वेळी बांधावरून भांडण असलेल्या चुलतभावाशेजारी उभे राहू नका. आपल्याकडे हात मिळवण्याऐवजी नमस्कार चालतो, हीच काय ती देवाची कृपा.

कम्युनियनच्या, म्हणजे ती पवित्र भाकर घेण्याच्या, आधी एक तास काही खायचं नसतं, म्हणून रांगेत तोंडातली बडीशेप घाईघाईनं गिळा आणि ठसका लागू द्या. फादर म्हणतात, "ख्रिस्ताचे शरीर." उत्तर 'आमेन' आहे. तुम्ही 'थँक्यू फादर' म्हणा. परतताना बाक चुकवा आणि भलत्याच कुटुंबात, भलत्याच बाईशेजारी गुडघे टेकून भक्तिभावानं डोळे मिटा. उघडाल तेव्हा तिचा नवरा बाकाच्या टोकाशी उभा असेल, आणि तुमची बायकोसुद्धा.

एवढी मेहनत घेऊनही एका माणसापुढे तुमचं काही चालत नाही. परवा मिस्सा संपली, फादर आत गेले, पण कॉलरचा माइक चालूच राहिला. आम्ही शेवटचं गाणं संपवून टेकलो होतो, इतक्यात स्पीकरमधून आवाज आला, "पुढच्या रविवारी वाचनाला कोण आहे? तो फुगडी नको रे बाबा."