कपॅसिटर वाढवले की बिल उतरतं?

'कपॅसिटर वाढवा, बिल आपोआप उतरेल' हे वीजबिलावरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आम्ही तेच केलं होतं. 25 केव्हीएआरचा (केव्हीएआर म्हणजे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर थेट जोडून ठेवला, दिवसा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) झकास. पण रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालू काय, तर दिवे आणि एक पंप, मिळून जेमतेम 8 किलोवॅट. म्हणजे मीटरवर जवळपास 26 केव्हीए (कामी आलेली न आलेली मिळून एकूण वीज), आणि तेही लीडिंग, म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त! एचटीला (उच्चदाब जोडणीला) एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या किलोवॅट-तासांवर नाही तर या एकूण केव्हीएच्या तासांवर, बिल येतं, त्यात लीडिंगही मोजलं जातं, हे आम्हाला बिल आल्यावर कळलं. लोडप्रमाणे कपॅसिटर चालू-बंद करणारं ऑटोमॅटिक पॅनेल बसवलं तेव्हा कुठे ते थांबलं.

हार्मोनिक्सचा (विजेच्या 50 हर्ट्झच्या लहरीत मिसळणाऱ्या जास्त वारंवारतेच्या लहरींचा) तर लेखात उल्लेखच नाही. हल्ली प्रत्येक सीएनसीत (संगणकावर चालणाऱ्या मशीनमध्ये) मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असतो, आणि तोच हार्मोनिक्स तयार करतो. आमचे दोन कपॅसिटर डब्यासारखे फुगले. वायरमनने क्लॅम्प मीटर लावला तर कपॅसिटरच्या नेहमीच्या 33 अँपिअरच्या जागी 46! व्होल्टेज मात्र ठीक, म्हणजे जादा करंट हार्मोनिक्सचाच. तरी 'माल हलका लागला' म्हणून आम्ही दुकानदाराशीच भांडत होतो. पुढे 7 टक्क्यांची रिअ‍ॅक्टर (कपॅसिटरच्या आधी जोडायची, हार्मोनिक्स अडवणारी कॉइल) आणि त्यासोबत 525 व्होल्टचे कपॅसिटर घेतले. (जुन्या 440 व्होल्टच्या कपॅसिटरला रिअ‍ॅक्टर जोडू नका, त्याच्यावरचं व्होल्टेज उलट वाढतं.) खर्च बराच झाला, पण तेव्हापासून एकही फुगलेला नाही. ज्यांच्याकडे इंडक्शन फर्नेस आहे त्यांनी तर आधी हार्मोनिक्स मोजून घ्यावेत, मगच कपॅसिटरचं कोटेशन मागवावं.