जोडी जुळवा, डोकी फोडा

रात्री साडेआठला टीव्ही लावायचा, जेवता जेवता मालिका बघायची आणि नऊला ताटं उचलायची, एवढंच तुम्ही करत असाल तर तुम्ही नुसते प्रेक्षक आहात. प्रेक्षक काय, कुणीही असतं. अंमळनेरला आमच्या गोठ्यातली म्हैसही शीर्षकगीत लागलं की कान टवकारते. चाहता होणं ही वेगळी साधना आहे. त्यासाठी घरात आधी दोन तट पडावे लागतात. तुमच्या घरात अजून पडले नसतील तर घाबरू नका, आमच्याकडेही वर्षभरापूर्वी सगळे एकाच पंगतीत जेवत होते.

साडेआठच्या मालिकेत एक नायक आहे. त्याच्यावर एका वकिलिणीचा जीव आहे आणि एका डॉक्टरणीचाही. (नायक स्वतः काय काम करतो ते चारशे भाग झाले तरी कळलेलं नाही. हातात फाईल घेऊन तो जिना उतरतो.) आता तुम्हाला बाजू घ्यायची आहे. कारणं शोधत बसू नका, ती मागाहून सापडतात. आमच्या सौ. वकील गटात आहेत. माहेरच्या शेताचा दावा अकरा वर्षं कोर्टात पडून आहे. इतकी इस्त्रीची साडी नेसणारी आणि पहिल्याच तारखेला निकाल आणणारी वकील त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मोठ्या वहिनी डॉक्टर गटात, कारण पुतणीची मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. म्हणजे नायकाचं लग्न कुणाशी व्हावं हा प्रश्न आमच्याकडे केव्हाच मागे पडला. शेत आणि सीट यांच्यात लागलेली आहे.

हे जे तुम्ही करणार आहात त्याला इंग्रजीत 'शिपिंग' म्हणतात. खानदेशाला समुद्र नाही, तेव्हा जहाजांशी आपला काय संबंध, असं म्हणू नका. शब्द जहाजाचा नाहीच. अमेरिकेत १९९३ साली 'द एक्स-फाइल्स' नावाची मालिका सुरू झाली. त्यातले मल्डर आणि स्कली हे एफबीआयचे दोन तपासनीस एकमेकांचे व्हावेत म्हणून जे लोक देव पाण्यात घालून बसले, ते 'रिलेशनशिपर'. एवढा लांब शब्द भांडताना परवडत नाही, म्हणून पुढे नुसता 'शिपर' उरला. विरोधकही लगेच उभे राहिले, त्यांचं नाव 'नोरोमो', म्हणजे रोमान्स अजिबात नको. त्या दोघांनी एकमेकांच्या ओठांना ओठ लावले ते थेट १९९९च्या नोव्हेंबरात, तेही नववर्षाचं निमित्त करून. सहा वर्षं! एवढ्या वेळात आपल्याकडे नायकाची तीन लग्नं होतात, त्यातलं एक स्मृती गेल्यावर.

बाजू ठरली की जोडीला नाव लागतं. दोघांच्या नावांचं बारसं एकत्र करायचं. त्याच्या नावाचं डोकं, तिच्या नावाचं शेपूट. ऐकायला विचित्र वाटेल, पण शेव आणि भाजी एकत्र आली तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल. आज ढाब्यावर दुसरं काही मागून बघा.

नावानंतर पुरावे. इथे कष्ट आहेत हं. सौ.नी मला परवा एक प्रोमो अठरा वेळा दाखवला. त्यात नायक पाण्याचा ग्लास खाली ठेवतो. ठेवताना त्याची नजर डावीकडे जाते. डावीकडे खिडकी आहे. खिडकीचा पडदा निळा आहे, आणि वकिलीण बाराव्या भागात निळी साडी नेसली होती. आणखी काय हवं? तोच प्रोमो वहिनींकडेही होता. त्यांचं म्हणणं, ग्लास स्टीलचा आहे, इस्पितळात असतो तसा. प्रोमो कापणारा पोरगा मुंबईत कुठेतरी रात्री दोनला हे जोडून झोपायला गेला असेल. त्याच्या डोक्यात असलाच तर उद्याचा डबा असेल. पण त्याला विचारतो कोण?

आता वास्तविक भांडण. ते कुठेही होऊ शकतं, तरी मी भरीत पार्टी सुचवेन. गेल्या डिसेंबरात साडूंच्या यावलजवळच्या केळीच्या मळ्यात आम्ही सगळे जमलो होतो. बामणोदची ती मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर फुटत होती, बायका साली काढत होत्या, आणि वहिनी बडगीत मिरच्या-लसूण ठेचत बसल्या होत्या. सौ. कांद्याची पात चिरता चिरता सहज म्हणाल्या, "काल डॉक्टरणीनं त्याला थर्मामीटर काय लावला, लोकांना काय कौतुक! ताप तरी होता का त्याला?"

मुसळी थांबली.

"ताप नसताना थर्मामीटर लावणं बरं," वहिनी म्हणाल्या, "गुन्हा नसताना नोटीस पाठवण्यापेक्षा."

पुढचं सांगत नाही. त्या दिवशी भरीत दोन पातेल्यांत झालं, एकात शेंगदाणे, एकात नाहीत. कळण्याच्या पुऱ्यासुद्धा वेगळ्या परातीत गेल्या. आम्ही भावांनी दोन्हीकडचं खाल्लं आणि दोन्हीकडे जाऊन "हेच खरं भरीत" असं सांगितलं. हा निव्वळ लबाडपणा झाला. असल्या माणसाला चाहता म्हणता येत नाही. फार तर नवरा म्हणता येईल.

भांडणाची परंपरा आपल्याकडे नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. आमची माय सांगायची, तिच्या माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवायला पोरी नदीवर गेल्या की पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या पोरी तयारच असायच्या. वैशाखातली आटलेली नदी, त्यामुळे आवाज बरोबर पोचायचा. मग तुझा भाऊ असा, तुझी सासू तशी, तुझ्या गावाला पाणी नाही, तुझ्या नवऱ्याला मिशी नाही. घसा बसेपर्यंत शिव्या, अधूनमधून एखादा गोटाही. दिवस मावळला की आपापल्या झोक्यावर परत. आठवडे बाजारात त्याच पोरी एकमेकींच्या हातातल्या बांगड्यांचा भाव विचारायच्या. या जुन्या पद्धतीत दोन मोठे दोष होते. एक म्हणजे समोरचीचं तोंड दिसायचं. दुसरा, ते संध्याकाळी संपायचं. मोबाईलनं दोन्ही दोष काढून टाकले आहेत. आता तुम्ही रात्री दोनला पांघरुणात पडून, खोटं नाव आणि गुलाबाच्या फुलाचा फोटो लावून, नांदेडच्या कुणा अनोळखी मुलीला "तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का" असं विचारू शकता. ती रडली का, ते तुम्हाला बघावंही लागत नाही.

त्या मुलीवर हात बसला की मग खऱ्या माणसाकडे वळा, म्हणजे नटीकडे. कथा लेखकानं लिहिलेली असते, वाहिनीनं मंजूर केलेली, दिग्दर्शकानं "अजून थोडं रागानं बघ" म्हणून सांगितलेलं. पण या तिघांचे चेहरे कुणाला ठाऊक नाहीत, आणि चेहरा नसलेल्याला शिव्या देण्यात मजा नाही. तेव्हा नटीचं खातं उघडा. तिनं नवऱ्याबरोबर दिवाळीचा फोटो टाकला असेल, त्याखाली लिहा, "हा कोण? तुला आमचा हिरोच शोभतो." विरुद्ध गटातली असेल तर वजनावर लिहा, रंगावर लिहा, तेवढ्यानं भागलं नाही तर तिच्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकखाली लिहा. चारशे जणांनी आधी लिहिलेलं असतं, त्यामुळे आपल्या एका ओळीनं काय होणार, अशी शंका मनात आणू नये. त्या चारशे जणांनीही ती आणली नव्हती.

आमच्या गावात तर हे काम समोरासमोर झालं. साडीच्या एका दुकानाच्या उद्घाटनाला डॉक्टरीण आली होती. फीत कापून वळते न वळते तोच एका आजीबाईंनी तिचं मनगट धरलं. "दुसरीना संसार मोडतांना तुले लाज नही वाटस का?" इतकं घट्ट धरलं की काचेची बांगडी मनगटावरच फुटली. बारीक लाल ओरखडा उठला, एका टोकाला रक्ताचा थेंब. पोरगी हसली. म्हणाली, "आजी, मलाही ती बाई फारशी आवडत नाही." दुकानदाराच्या मुलानं गल्ल्यातून पट्टी काढून दिली. मग आजींनी तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. फोटोत ती हात मागे घेऊन उभी आहे. तो आमच्या सौ.नी काढला, छान आलाय, तीन दिवस स्टेटसला होता.

जुन्या पिढीकडे बघून थोडा धीर येतो. निळू फुले आयुष्यभर राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी गावोगाव हिंडलेले. पडद्यावर मात्र गावचा बेरकी पाटील नाहीतर सरपंच. त्यामुळे प्रत्यक्ष भेटीतही बायका त्यांच्यापासून चार हात लांब राहायच्या. ही त्यांच्या अभिनयाला दाद होती असं लोक म्हणतात. पण त्या बायकांकडे मोबाईल नव्हता, म्हणून ती दादच राहिली.

उत्साहाच्या भरात काही जण नटीच्या नावानं खोटं खातं काढतात आणि तिच्याच तोंडून हव्या त्या जोडीची कबुली देऊन टाकतात. कल्पना चांगली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी आणि ६६डी या कलमांत याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगितलाय. तेवढ्या काळात मालिका संपून जाईल, ही एकच अडचण.

दबाव आणून कथा बदलता येते का, असं नवखे हमखास विचारतात. येते की. १८९३च्या डिसेंबरात कॉनन डॉयल या लेखकानं आपल्या कथांतल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराला धबधब्यात ढकलून मोकळं व्हायचं ठरवलं, तर चिडलेल्या वाचकांनी त्या कथा छापणाऱ्या 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणीच बंद केली. १९०३ साली होम्स परत जिवंत झाला. आपल्याकडे २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला नायक मिहिर मारला, तेव्हा देशभर एवढा आकांत झाला की त्यालाही परत आणावं लागलं. पण त्या इंग्रजांची रीत तुम्ही घेऊ नका. मासिक आवडलं नाही तर पैसे बंद, ही काय निष्ठा झाली? आपण मालिका रोज बघायची, रविवारचा महाएपिसोडही चुकवायचा नाही, आणि बघता बघता "बंद करा ही मालिका" असा हॅशटॅग चालवायचा.

हॅशटॅग मोजला जातो कुठे, हे विचारू नका. टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात. ते काढणारी बार्क ही संस्था देशातल्या कोट्यवधी घरांतून निवडक घरांत मीटर बसवते. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. ती घरं कुणाची, हे गुप्त. सौ. दर गुरुवारी टीआरपीची तशी वाट बघतात जशी साडू बऱ्हाणपूरच्या केळीच्या भावाची. फरक एवढाच की साडूंच्या मळ्यात निदान केळी असतात. आमच्या घरात मीटर नाही. गल्लीत नाही. मी जन्मात मीटरवाल्या घरचा माणूस पाहिलेला नाही. आम्ही अंमळनेरला उपाशी राहून टीव्ही फोडला तरी गुरुवारचा आकडा जागचा हलणार नाही. हे मी घरात एकदा बोलून दाखवलं. त्यावर दोन्ही गटांचं आठवडाभर पहिल्यांदाच एकमत झालं होतं, माझ्याबद्दल.

राहता राहिले तटस्थ. हे सगळ्यात घातक. विरोधकाशी निदान भांडता येतं. आमचे अण्णा ब्याऐंशी वर्षांचे, मालिका सुरू झाली की खाटेवरून विचारतात, "आते हाऊ कोना नवरा शे?" त्यांना प्रामाणिकपणे कळत नाही. आधी दोन्हीकडून समजावणं झालं. मग सौ.ना वाटू लागलं की ते मुद्दाम वहिनींसमोरच विचारतात, आणि वहिनींना वाटलं की मुद्दाम सौ.समोर. एके दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांनी लिहिलं, किंवा नातवाकडून लिहून घेतलं, की दोन्ही पोरी गुणाच्या आहेत, त्या नायकालाच हाकला. रात्री दहाच्या आत अण्णा ग्रुपबाहेर होते. ग्रुपला नाव अण्णांचंच आहे, फोटोही त्यांचाच.

मागच्या महिन्यात वकिलिणीनं आणि डॉक्टरणीनं मेकअपच्या खोलीत एकाच डब्यातून जेवतानाचा फोटो टाकला. दोघी हसतायत, एकीच्या ओठाला लोणच्याचं तेल. दोन्ही गटांना हा विश्वासघात सहन झाला नाही. त्या रात्री सौ. आणि वहिनी एका सोफ्यावर बसून, एकमेकींना शब्द सुचवत, त्या दोघींना शिव्या लिहीत होत्या. वहिनींनी मध्येच उठून दोघींसाठी चहा टाकला.

पुढल्या आठवड्यात मालिका संपली. नायक शेवटच्या भागात परदेशी गेला, फाईल घेऊन. सोमवारपासून त्याच वेळेला नवी मालिका आहे. त्यात म्हणे एक कलेक्टर आहे आणि एक शिक्षिका. अण्णांना ग्रुपवर अजून कुणी परत घेतलेलं नाही. ॲडमिन वहिनी आहेत, आणि त्या म्हणतात, आधी त्यांनी सांगावं ते कलेक्टरकडून आहेत की नाही.