पर्यटकांची डोकी मोजून बेटं वाचत नाहीत

पर्यटन चांगलं चाललंय की नाही हे ठरवताना सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो: यंदा किती लोक आले? छोट्या बेटदेशांच्या बाबतीत एवढ्याच आकड्यावर विसंबणं घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. पलाऊची गोष्ट वाचल्यापासून तर ते आणखीच पक्कं झालंय.

फिलिपिन्सच्या पूर्वेला, प्रशांत महासागरातला हा देश. लोकसंख्या जेमतेम १८ हजार, त्यातले बहुतेक कोरोर या सर्वांत मोठ्या शहरात. २०१३ मध्ये तिथे लाखभर पर्यटक आले, २०१५ मध्ये १ लाख ६० हजारांच्या वर. दुसरं कुठलंही सरकार या वाढीवर खूश झालं असतं. पलाऊने त्याच वर्षी चीनहून येणारी चार्टर विमानं निम्म्यावर आणली! येणारा पैसा सोडायला हिंमत लागते, आणि मला या निर्णयाचं मनापासून कौतुक आहे.

पुढच्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला. मार्च २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, नळाला ठरावीक तासच पाणी. बेटावर धरण आटलं तर शेजारच्या जिल्ह्यातून टँकर येत नाही. म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक हॉटेल दर पाहुण्यामागे किती पाणी वापरतं हा आकडा पर्यटकसंख्येच्या शेजारी छापला गेला पाहिजे. कचऱ्याचंही तेच. तिथे पेयाच्या बाटली-कॅनवर १० सेंट अनामत घेतात आणि रिकामी परत केली की ५ सेंट मिळतात. म्हणजे बाटलीचा हिशेब ठेवता येतो. मग हॉटेलच्या पाण्याचा का नाही?

मोजण्याने काय साधतं ते तिथल्या जेलीफिश लेकवर दिसतं. एल माल्क बेटावरच्या या खाऱ्या तलावात लाखो सोनेरी जेलीफिश रोज उन्हाच्या मागे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे पोहत जातात. पर्यटक त्यांच्यातूनच पोहतात. पाय जोरात मारला तर तो नाजूक जीव फाटतो, म्हणून संथ पोहायला सांगतात. २०१६ च्या दुष्काळात हे जेलीफिश जवळजवळ नाहीसे झाले. नुसत्या अंदाजावर कुणी म्हणालं असतं पर्यटकांनी मारले, कुणी म्हणालं असतं पर्यटकांचा काय संबंध. पण कोरल रीफ रिसर्च फाउंडेशनचे लोक वर्षानुवर्षं जेलीफिशची संख्या, पाण्याचं तापमान, क्षारता यांच्या नोंदी ठेवत आले होते. त्यामुळे दुष्काळाने पाणी जास्त खारट आणि गरम झालं, हे कारण सांगता आलं. १९९८ च्या एल निन्योनंतरही असंच घडून संख्या पुन्हा सावरली होती, हेही नोंदीत होतं. याही वेळी जेलीफिश परतले.

याच तलावाच्या पाण्यात आणि जेलीफिशच्या शरीरातही सनस्क्रीनमधल्या रसायनांचे अंश सापडले. २०१८ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून प्रवाळांना घातक सनस्क्रीनवर बंदी आली. मोजमापातून थेट कायदा! मला हे पासपोर्टवर छापल्या जाणाऱ्या, निसर्ग जपण्याच्या शपथेपेक्षा मोठं वाटतं. ती शपथही सुंदर आहे. डिसेंबर २०१७ पासून प्रत्येक पाहुणा पलाऊच्या मुलांना उद्देशून लिहिलेल्या त्या मजकुराखाली सही करूनच आत जातो. पण सही किती जणांनी केली हे मोजता येतं, पाळली किती जणांनी हे नाही.

आता माझा खरा आक्षेप. २०१८ पासून परदेशी प्रवाशाच्या विमान तिकिटातच १०० डॉलर पर्यावरण शुल्क घेतलं जातं. त्यातले ३० डॉलर संरक्षित क्षेत्रांच्या देखभालीला जातात. विचार चांगला आहे, पण यात निसर्ग राखायचा पैसा पुन्हा डोक्यांवरच अवलंबून राहतो. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, पर्यटक थांबले आणि ही आवकही आटली. प्रवाळांची निगराणी करणाऱ्या माणसाचा पगार विमान भरलं की रिकामं गेलं यावर का ठरावा? शिवाय तीन दिवस राहणारा आणि पंधरा दिवस राहणारा, दोघांना शुल्क सारखंच. पाणी आणि कचरा मात्र सारखा नाही.

शुल्क मुक्कामाच्या रात्रींवर घ्या, चांगल्या वर्षातला काही भाग राखीव निधीत टाका आणि त्या निधीतून निगराणीचे पगार द्या. १८ हजार लोकांच्या देशात ही व्यवस्था बसवणं अशक्य नाही, कारण तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा एकाच विमानतळावरून आत येतो.