पाच घोडे, दोन म्हातारे आणि मी

शनिवारी सकाळी पावणेअकराला, माझ्याच गॅरेजच्या दारात, माझ्याच मुलीसमोर, शेजारच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने एका ओढीत माझं इंजिन सुरू केलं. त्याआधी मी ती दोरी त्रेचाळीस वेळा ओढली होती. मुलीने मोजलं. मोठ्याने.

मागची हकीकत थोडक्यात उरकतो. आम्ही ओहायोत राहतो, कोलंबसच्या बाहेर. कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून साठ डॉलरला गो-कार्ट आणली. पाइपचा सांगाडा, चार चाकं आणि मागे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं पाच हॉर्सपॉवरचं जुनं फ्लॅटहेड इंजिन. लेक म्हणाली, हळू पळते. मी एक व्हिडिओ पाहिला आणि गव्हर्नर काढून टाकला. हे इंजिन मिनिटाला 3,600 फेऱ्यांपुढे जाऊ नये म्हणून तो तिथे असतो, हे व्हिडिओतल्या माणसानेही सांगितलं होतं. पण ते मी दीडपट वेगाने पाहत होतो. चौथ्या फेरीला आत कुणीतरी वरवंटा आपटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं गप्प. पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे दोन तुकडे. पोटाला भोक पडलं नाही, हेच नशीब.

दीडशे डॉलरला कोरं इंजिन मिळतं, हे मला त्या आठवड्यात सात वेळा ऐकवण्यात आलं, त्यात बायकोकडून तीनदा. पण मला हे उघडायचंच होतं. दिवसभर मी ज्यावर काम करतो ते हातात धरता येत नाही, आणि बिघडलं की फक्त लाल अक्षरं दिसतात. इथे निदान तुटलेली वस्तू तुटलेली दिसत होती. शिवाय फ्लॅटहेड म्हणजे गरीब जनावर. व्हॉल्व्ह डोक्यात नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात. वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढले की जेवणाच्या डब्यासारखं उघडतं. म्हटलं, हे मला जमेल. शांतपणे, एकट्याने.

एकट्याने! पहिल्याच शनिवारी शेजारचे आजोबा आले. आयुष्यभर शेतीची अवजारं दुरुस्त केलेला माणूस. येताना घडीची खुर्ची घेऊन आले, गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर बरोबर सावलीत टाकली आणि बसले. मदत करू का, नाही. काय झालं, नाही. मी रॉडचे तुकडे बाहेर काढले, तेव्हा फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये माझी डिग्री, माझं घराचं कर्ज आणि माझा एकूण वकूब, सगळं आलं.

1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या, रेसच्या गाड्या बनवणाऱ्या माणसाने पाइपच्या सांगाड्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन जोडलं आणि जगातली पहिली गो-कार्ट तयार झाली. त्याला असा शेजारी नसणार. नाहीतर त्याने तेव्हाच ते इंजिन काढून गुपचूप गवत कापलं असतं.

दुसरी चूक माझी. शनिवारी सकाळी दहा म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात. आबांना, म्हणजे वडिलांना, व्हिडिओ कॉल लावायची माझी ठरलेली वेळ. आबांनी चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवली. फोन उचलताच त्यांना माझा चेहरा दिसायच्या आधी मागचं इंजिन दिसलं.

"कुणाचं इंजान म्हणायचं हे?"

"आपलंच, आबा. रॉड तुटलाय."

"बाजूला हो बघू जरा."

मी बाजूला झालो. तो जो झालो तो आजतागायत.

आबांना इंग्रजी येत नाही. आजोबांना मराठी हा शब्दही माहीत नव्हता. मी दुभाषा म्हणून मधे उभा राहिलो आणि दोन मिनिटांत माझी गरज संपली. आबा म्हणाले, "गव्हर्नर काढलाईस व्हय रं?" आजोबांना त्या वाक्यात एकच शब्द कळला आणि ते खुर्चीवरून ताठ झाले. "गव्हर्नर!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पडद्यावरून आबांनीही माझ्याकडे बोट दाखवलं. एक बोट ओहायोतलं, एक बोट कोल्हापुरातलं, आणि मधे मी, हातात ग्रीसचं फडकं.

तिथून पुढे त्यांचं जे जमलं! संभाषण केवळ नामांवर चाललं होतं. क्रियापदांची दोघांनाही गरज पडेना.

"कनेक्टिंग रॉड," आजोबा म्हणाले आणि आपल्या घड्याळाच्या पट्ट्याकडे बोट दाखवून मान हलवली. ॲल्युमिनियम.

"ॲल्युमिनियम?" आबा ओरडले. "आत बुश?"

आजोबांना हाही शब्द कळला. नकारार्थी मान. बुश नाही, बेअरिंग नाही. रॉड सरळ क्रँकवर फिरतो आणि त्याच्या बुडाला एक चमचा असतो, तो तेल उडवत राहतो. हे सगळं आजोबांनी मनगट गरागरा फिरवून आणि तोंडाने "फ्लप, फ्लप" करून सांगितलं. आबांना पटलं. मला हेच वाक्य त्यांना मराठीत सांगायला पाच मिनिटं लागली होती आणि त्यांनी "काहीतरी बोलतोस" म्हणून उडवून लावलं होतं.

दोघंही इंचवाले निघाले, हे आणखी एक दुर्दैव. आजोबा दोन बोटांत अंतर दाखवायचे, आबा "दीड सूत" म्हणायचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि दोघं समाधानाने गप्प बसायचे. मिलिमीटरमध्ये शिकलेला मी त्यांच्यात उपरा. क्रँकला चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला आजोबांनी घरून हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली आणली. ते फसफसून निघून गेलं आणि खालचा क्रँक आरशासारखा दिसला, तेव्हा आबा म्हणाले, "माणूस शिकलेला हाय." मला त्यांनी हे कधी म्हटलेलं नाही. मी खरोखर शिकलेला आहे.

माझं काम काय? फोन धरणं. "जरा खाली घे. उजवीकडं. माझ्या उजवीकडं रं!" पिस्टनच्या रिंगा बसवताना "तिन्ही तोंडं एका ओळीत आणू नको" हे दोन भाषांत एकाच वेळी ऐकलं. मग नव्या रॉडचा बोल्ट मी आवळायचा ठरला. किती जोराने आवळायचं ते पुस्तकात शंभर लिहिलं होतं, मी तो जोर मोजणारा टॉर्क पाना शंभरावर लावला. पुस्तकातले शंभर इंच-पौंड होते, पान्यावरचे फूट-पौंड. बारापट. मध्येच बोल्ट कट् करून तुटला. बत्तीस डॉलरचा दुसरा रॉड मागवला.

"तुझ्या हाताला वळणच न्हाई," आबा म्हणाले.

हे मात्र लागलं. दहावीच्या सुट्टीत मी म्हणालो होतो, कारखान्यात येतो. "हात काळं करायला शिकवतोय व्हय तुला?" म्हणून दारातून परत पाठवलं यांनीच. माझ्या बरोबरीची पोरं संध्याकाळी ऑइलचा वास घेऊन हिंडायची आणि मी घरी त्रिकोणमिती सोडवायचो. आता बेचाळिसाव्या वर्षी वळण कुठून आणू? लावायचं तेव्हा कुणी लावायचं होतं? तोंडावर आलं होतं. "आवाज तुटतोय, आबा," म्हणालो आणि कॅमेरा इंजिनाकडे फिरवला. तसं पाहिलं तर त्यांना तेच हवं होतं.

तर गेला शनिवार. सगळं जुळलं. नवं पॅकिंग, नवं तेल, गव्हर्नर जागच्या जागी. दोरी ओढली. एक, दोन, दहा. मुलीचा आवाज चढत गेला. चाळीसच्या पुढे माझा खांदा गेला. तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा आजोबा आपणहून खुर्चीतून उठले, माझ्या बाजूने वाकले आणि स्पार्क प्लगची टोपी अंगठ्याने दाबली. टक्. अर्धीच बसली होती. मग दोरी. एक.

इंजिन धडधडलं, मुलगी किंचाळली, कोल्हापुरात टाळ्या वाजल्या. आता गल्लीत सगळे आजोबांना म्हणतात, पोरीची गाडी तुम्ही नीट केलीत म्हणे. आणि ते नाही म्हणत नाहीत. "हं" म्हणतात. रॉड दोनदा कुणी विकत घेतला, बोटाला चिरा कुणाला पडल्या, हे कुणी विचारत नाही. रविवारी बायकोने त्यांना शिऱ्याचा डबा दिला. मला उरलेला.

आज सकाळी कॉल लावला तर आबांचा फोन व्यस्त. अर्ध्या तासाने त्यांनीच लावला.

"तुझ्या शेजाऱ्याशी बोलत होतो. त्याच्या गवताच्या मशिनचा चोक अडकतोय. जाऊन ये जरा."

मी पान्यांची पेटी उचलली.

"ती कशाला? तू नुसता फोन धर."